टेलरबाईंचं मशीन

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे लेव्हल मिस्त्री म्हणायचे. त्यांच्या वरच्या खिशात बोटभर लांबीची एक काचेची नळी असायची, तिच्यात पिवळं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. मशीन बसवलं की ती नळी मशीनवर आधी आडवी आणि मग उभी ठेवायची, बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या बरोबर मधे आणायचा, आणि मगच चहाला हो म्हणायचं, अशी त्यांची रीत. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण वाकडं काही त्यांना बघवायचंच नाही. कुणाकडे जेवायला गेले आणि टेबल डुगडुगलं, तर ताट बाजूला सारून टेबलाखाली शिरायचे. एकदा मेहुण्याने नवं घर दाखवायला बोलावलं, तर फ्रिजवर नळी ठेवून "फ्रिज सरळ आहे, तुमची जमीनच उतरती आहे" असं सांगून आले. त्यावरून त्यांच्या बायकोला पुढचे चार महिने भावाकडून ऐकून घ्यावं लागलं.

तीस वर्षं त्यांनी हे एकच काम केलं आणि आपल्या हातून गेलेलं मशीन परत तक्रारीला येत नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. "मशीनला अक्कल नसते, म्हणून ते चुकत नाही. चुकतो तो वापरणारा," असं ते म्हणायचे. चहाच्या टपरीवर गिऱ्हाइकांचे किस्से सांगायला लागले की आजूबाजूचे रिक्षावाले, दुकानदार खुर्च्या ओढून जवळ यायचे. कुणाच्या मशीनमधून लाकडी घोडा निघाला, कुणी मशीन हलू नये म्हणून त्यावर दळणाचा डबा ठेवला आणि सगळ्या घरभर पीठ झालं. मिस्त्री ते नकला करून सांगायचे आणि सगळे पोट धरून हसायचे.

तक्रारींचा फोन घरी बायको घ्यायची. काम करताना मिस्त्री फोन उचलत नसत, म्हणून मशीनवर चिकटवायच्या कागदावर तिचाच नंबर छापलेला होता. इतक्या वर्षांत तीही अर्धी मिस्त्री झाली होती. "पाणी येत नाही? मागचा नळ उघडलाय का बघा. उघडला? आलं ना? ठेवते मग." निम्म्या तक्रारी ती भाजी निवडता निवडताच मिटवायची.

जुन्या वस्तीच्या मागे तीन मजली इमारती आहेत. त्यातल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर टेलरबाई राहायच्या. वय साठीच्या जवळ, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा. मुलाला त्यांनी शिलाई मारून शिकवलं. जवळच्या शाळेच्या मुलांचे सदरे आणि स्कर्ट दरवर्षी त्यांच्याकडेच शिवायला यायचे. मुलगा ऑफिसात लागला, स्थिर झाला आणि आईने आता कपडे धुवायला वाकू नये म्हणून त्याने पुढून दार उघडणारं नवंकोरं मशीन घेतलं. ते बसवायला दुकानदाराने मिस्त्रींना पाठवलं.

अशा नव्या मशीनच्या मागच्या बाजूला चार लांब बोल्ट असतात. आतला ड्रम स्प्रिंगांवर लोंबकळत असतो. टेम्पोतून येताना त्याने आपटू नये म्हणून कारखान्यात तो या बोल्टांनी आवळून ठेवतात. मशीन घरात आलं की पहिलं काम म्हणजे हे बोल्ट काढणं. ते काढले नाहीत तर ड्रमला मोकळं हलता येत नाही, मग तो आपला सगळा जोर बाहेरच्या पेटीवर काढतो आणि अख्खं मशीनच नाचायला लागतं. हे मिस्त्रींना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी हजारभर मशीनचे बोल्ट काढले असतील.

त्या दिवशी त्यांना सहा मशीन बसवायची होती आणि टेलरबाईंचं चौथं होतं. मशीन फिरवून, पाना हातात घेऊन ते मागे बसले, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एरवी उचलला नसता, पण दुकानदाराचा होता. "अहो, तुम्ही सकाळी बसवलेल्या घरी नळी सुटलीय. हॉलमध्ये पाणी झालंय. बाईसाहेब माझ्या डोक्यावर बसल्यात, आधी तिकडे पळा!" मिस्त्री उठले. पाना पिशवीत टाकला, पाण्याची नळी जोडली, मशीन ढकलून न्हाणीघराबाहेर, भिंत आणि कपाट यांच्या मधल्या जागेत नेऊन बसवलं, वर काचेची नळी ठेवून बुडबुडा मधे आणला, पाच मिनिटं नुसतं पाणी फिरवून दाखवलं आणि धावत जिने उतरले. चार बोल्ट जिथल्या तिथे राहिले.

पुढे कुणी विचारलं असतं तर ते शपथेवर म्हणाले असते की काढले. इतक्या मशीनचे काढले होते की या मशीनचेही काढल्याचं त्यांना चक्क आठवत होतं.

दहा दिवसांनी टेलरबाईंचा फोन आला. "शेवटी कपडे पिळायच्या वेळी मशीन फार हलतं हो. जागा सोडून पुढे येतं."

"कपडे जास्त होत असतील," मिस्त्रींची बायको म्हणाली. "थोडे कमी टाका."

बाईंनी कमी टाकले. आठवड्याने पुन्हा फोन. "चारच कपडे टाकते मी. तरी तसंच."

"मग फारच कमी होत असतील, सगळे एका बाजूला गोळा होतात. अहो ताई, अंदाज यायला वेळ लागतो. नवीन आहे ना तुम्हाला." हे ती थोडं हसूनच म्हणाली. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिसऱ्या फोनला मात्र मिस्त्री स्वतः गेले. शनिवार असल्यामुळे मुलगा घरी होता. मिस्त्रींनी मशीनवर नळी ठेवली. बुडबुडा बरोबर मधे. दार उघडून आत हात घातला तर एक जाड चादर आणि दोन मोजे.

"हे बघा," त्यांनी चादर बाहेर ओढून मुलाला दाखवली. "चादर भिजून एका बाजूला बसली की मशीन बिचारं काय करणार?"

"चादर आज टाकली," बाई म्हणाल्या. "पण कालपरवा साडी आणि सदरे होते, तेव्हाही तसंच झालं. मला वाटतं, कपड्यांचं नाहीये हे. आतून काहीतरी आवळल्यासारखं वाटतं. मोकळं हलत नाही ते."

मिस्त्री हसले. "ताई, तुमचं शिवणयंत्र वेगळं, हे वेगळं."

"ते खरं. पण चाळीस वर्षं मशीनचा आवाज ऐकतेय मी. अडकलेल्या यंत्राचा आवाज कळतो."

"आई, त्यांना त्यांचं काम करू दे ना," मुलगा म्हणाला.

मिस्त्रींनी दोन सदरे आत टाकून मशीन सुरू केलं. सुरुवातीला ड्रम हळू फिरतो, तेव्हा बोल्ट असले काय नि नसले काय. मशीन शांत फिरत राहिलं. "बघा," मिस्त्री म्हणाले. पिळायची वेळ यायला अजून पाऊण तास होता आणि तेवढं थांबायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी बाईंना उभं करून कपडे कसे टाकायचे, जड कुठले, हलके कुठले, हे लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मग वहीचा कागद फाडून मोठ्या अक्षरांत चार सूचना लिहिल्या आणि मशीनच्या कपाळावर चिकटवल्या. बाई मान हलवत होत्या. मुलगा म्हणाला, "आई, आता हे वाचून टाकत जा. नाहीतर राहू दे, मी रविवारी टाकत जाईन. तुला नाही जमत."

संध्याकाळी टपरीवर एक नवा किस्सा झाला. "एक बाई आहे. आयुष्यभर शिलाई मारली. मला सांगते, मिस्त्री, आतून आवळलंय! म्हटलं, ताई, ड्रमला काय काज-बटण केलंय का?" सगळे हसले. चहावाल्याला तर ठसका लागला.

पुढे तीन आठवडे फोन आला नाही. मग आला तो मुलाचा. बाईंनी मशीन चालवायचं सोडलं नव्हतं. मुलाने हौसेने घेतलेली वस्तू पडून राहावी, हे त्यांना बरं वाटत नव्हतं. पिळायची वेळ झाली की त्या दोन्ही हातांनी मशीन भिंतीशी दाबून धरायच्या. त्या दिवशी मशीनने असा हिसका दिला की उजवा हात मशीन आणि भिंतीच्या मधे सापडला आणि मनगटाचं हाड मोडलं.

मिस्त्री गेले तेव्हा बाई आतल्या खोलीत पडून होत्या. हात प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. "मी जरा ऑफिसच्या फोनवर आहे, तुम्ही बघा," म्हणून मुलगा हॉलमध्ये गेला. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंना धरून, एकेक कोपरा पुढे घेत मशीन बाहेर काढलं आणि मागे वाकले.

चारही बोल्ट जागेवर होते. त्यांच्यावरचं कारखान्यातलं लाल प्लास्टिकसुद्धा अजून चकचकीत होतं.

मिस्त्री तिथेच फरशीवर बसले. क्षणभर त्यांना वाटलं की हे दुसऱ्याच कुणाचं मशीन आहे. मग तो पाना, तो फोन, हॉलमधलं पाणी, धावत उतरलेले जिने, सगळं एकामागून एक डोळ्यांपुढे आलं. पलीकडच्या खोलीत बाई कुशीवर वळल्या असाव्यात. पलंग करकरला आणि "आई गं" असं दबक्या आवाजात ऐकू आलं.

त्यांनी पाना काढला आणि चारही बोल्ट काढले. हात सराईत होते, दोन मिनिटांत काम झालं. भोकांवर काळी टोपणं बसवली. बोल्ट पँटच्या खिशात घातले. तेवढ्यात मुलगा दारात आला.

"काय निघालं काका?"

सांगायची वेळ तीच होती. मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि त्यांच्याच कानांनी ऐकलं, "एक पाय सैल झाला होता. सारखा जास्त भार पडला की होतो."

"बघ आई!" मुलगा आत बघून ओरडला. "म्हणत होतो ना, भारामुळेच!"

मशीन सुरू केलं. पिळायच्या वेळी नुसता घूं आवाज, जागचं हललं नाही. आवाज ऐकून बाई प्लास्टरचा हात छातीशी धरून उठून आल्या. दारात उभं राहून त्यांनी बराच वेळ कान दिला.

"आता मोकळं फिरतंय," त्या म्हणाल्या. मग मिस्त्रींकडे वळून, "माफ करा हं मिस्त्री. माझ्या वेंधळेपणापायी तुम्हाला खेटे पडले."

मिस्त्रींनी पिशवी उचलली. बाईंकडे त्यांना बघता आलं नाही. बघितलं ते त्या कागदाकडे, आपल्याच मोठ्या अक्षरांकडे. पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे सगळं आणखीच बिघडलं. मुलाने खालपासून वरपर्यंत साऱ्या इमारतीत सांगितलं, "असा सरळ माणूस बघितला नाही. एवढं नीट करून एक पैसा घेतला नाही." पुढच्या पंधरा दिवसांत त्या इमारतीतून तीन कामं आली. प्रत्येक घरात गेल्यावर कुणीतरी म्हणायचं, "टेलरबाईंच्या मुलाने तुमचं फार कौतुक केलं," आणि मिस्त्री मशीनच्या मागे तोंड घालायचे.

बोल्ट त्यांनी लपवले नव्हते. खिशातून काढून टाकायचा त्यांना धीर झाला नव्हता, एवढंच. दुरुस्तीनंतर तिसऱ्या दिवशी बायकोने पँट धुवायला घेतली तेव्हा ते तिच्या हाताला लागले. ती ते घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"कुठल्या मशीनचे हे?"

"आहेत जुने."

"जुने? प्लास्टिक बघा. यांच्यावर अजून धूळ नाही." ती थांबली. या बाबतीत तिला बनवणं सोपं नव्हतं. "अहो... टेलरबाईंच्या?"

मिस्त्रींनी मान हलवली. ती समोरच्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, "तीन फोन केले तिने. मी हसले हो तिच्यावर. 'नवीन आहे ना तुम्हाला' म्हणाले." तिने पदराने तोंड पुसलं. "सांगितलंत तुम्ही तिला?"

"नाही."

"कधी सांगणार?"

"काय सांगू? तीस वर्षांचं नाव आहे. मुलगा पोलिसांत गेला तर? दुकानदार काम बंद करेल. आता मशीन नीट चालतंय. हात काय, महिन्याभरात जुळेल." हे बोलताना त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटत होता. बायको उठली, बोल्ट खिडकीत ठेवले आणि पँट धुवायला गेली. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही. तिचं ते न बोलणं त्यांना भांडणापेक्षा जड जायला लागलं.

मिस्त्रींनी त्या इमारतीचा रस्ता सोडला. कामावर जायला लांबचा वळसा घ्यायला लागले. टपरीवर जाणं कमी केलं. एकदा गेले तर चहावालाच म्हणाला, "मिस्त्री, ते काज-बटणाचं सांगा ना यांना, यांनी नाही ऐकलं." मिस्त्री म्हणाले, "घसा बरा नाही," आणि चहा अर्धा टाकून निघाले. टेबल डुगडुगत होतं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

महिना उलटला. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते. एका घरी पाणी जायच्या नळीत अडकलेला रुमाल काढत असताना तिथली गृहिणी शेजारणीशी बोलत होती. "यंदा मुलींचे स्कर्ट कुठे शिवायचे कळत नाही. टेलरबाईंनी काम परत पाठवलं. प्लास्टर काढलं, पण अंगठा वळत नाही म्हणे, कात्री धरवत नाही. आणि कुणी विचारलं की स्वतःलाच बोल लावतात. म्हणतात, माझंच डोकं चालेनासं झालंय, मिस्त्रींनी लिहून दिलं तरी मला उमगलं नाही."

मिस्त्रींच्या हातातला रुमाल तसाच राहिला. काम कसंबसं पुरं करून ते घरी आले आणि बायकोला म्हणाले, "उद्या रविवार आहे. मुलगा घरी असेल. जातो मी."

"येऊ का मी?"

"नको."

दार मुलानेच उघडलं. "या काका! मशीन एकदम मस्त चाललंय." बाई खिडकीशी बसून उजव्या हाताने मऊ रबरी चेंडू दाबत होत्या. त्यांचं शिवणयंत्र कोपऱ्यात होतं, वर चादर घातलेली. मिस्त्री बसले नाहीत. त्यांनी खिशातून चार बोल्ट काढून टेबलावर ठेवले.

"हे काय?" मुलाने विचारलं.

"तुमच्या मशीनचे. बसवलं त्या दिवशीच काढायचे असतात. मी काढले नाहीत. विसरलो." मग ते बाईंकडे वळले. "ड्रम आवळलेलाच होता ताई. तुम्ही म्हणाला होतात, अगदी तसा. कपड्यांचा काही संबंध नव्हता."

मुलाने एक बोल्ट उचलून पाहिला.

"पण तुम्ही तर म्हणालात, पाय सैल होता."

"खोटं बोललो."

"खोटं बोललात?" मुलाचा आवाज चढला. "आईचा हात मोडला, तिचं काम गेलं, आणि तुम्ही... मी गावभर तुमचं कौतुक करत फिरलो! चला, आत्ताच्या आत्ता दुकानदाराकडे चला, पोलिसांत..."

"थांब," बाई म्हणाल्या. त्यांनी चेंडू मांडीवर ठेवला. "मिस्त्री, हे तुम्हाला कळलं कधी?"

"हात मोडल्यावर आलो ना, त्याच दिवशी."

"म्हणजे मी आत झोपले होते तेव्हा."

"हो."

"आणि मग मी बाहेर येऊन तुमची माफी मागितली."

मिस्त्रींनी मान खाली घातली.

"हाताचं मी समजून घेईन," बाई सावकाश म्हणाल्या. "विसरतो माणूस. मी चुकीचं कापलेलं कापड साठवलं असतं तर ही खोली भरली असती. पण गिऱ्हाइकाला मी कधी सांगितलं नाही की तुमचंच अंग वाकडं आहे." "तुम्हाला माहितीय, मी काय करायचे? हा ऑफिसला गेला की तुमचा कागद वाचायचे. पुन्हा पुन्हा वाचायचे. शाळेत नापास होणाऱ्या पोरीसारखी. मशीनला हात जोडून म्हणायचे, आज हलू नकोस रे बाबा. मला खरंच वाटायला लागलं होतं, माझं डोकं गेलं म्हणून. रात्री या पोराला सांगणार होते, मला दाखव कुठल्या डॉक्टरला." मग त्या मुलाकडे वळल्या. "आणि तूही म्हणालास, तुला नाही जमत."

मुलगा इतका वेळ ताठ उभा होता. त्याने बोल्ट टेबलावर ठेवला आणि तो खिडकीकडे बघत राहिला.

"तुम्ही म्हणाल ते करतो," मिस्त्री म्हणाले. "डॉक्टरचं, औषधाचं, काय असेल ते."

"काही नको. जा तुम्ही आता." ते दारापर्यंत गेले तेव्हा बाईंनी पुन्हा हाक मारली. "आणि तो कागद तुमचा. तेवढा काढून न्या."

मिस्त्री मशीनपाशी गेले. कागद चांगल्या गोंदाने चिकटवला होता. नखाने एक कोपरा सोडवला, तो फाटला. दुसरा सोडवला, तोही फाटला. ते दोघे बघत होते आणि मिस्त्री गुडघ्यावर बसून स्वतःचं अक्षर तुकड्यातुकड्याने खरवडत होते. पाच मिनिटं लागली असतील. आयुष्यात कुठलीच पाच मिनिटं त्यांना इतकी लांब वाटली नव्हती. शेवटी चार कोपऱ्यांना कागदाचे पांढरे डाग राहिले, ते निघेनात. बाई म्हणाल्या, "राहू द्या."

तिथून ते सरळ दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "गप्प बसला असतात तर कुणाला कळणार होतं?" आणि पुढच्या महिन्यापासून नवी मशीन बसवायचं काम त्याने दुसऱ्याला दिलं. संध्याकाळी टपरीवर जाऊन मिस्त्रींनी तो किस्सा पुन्हा सांगितला, या वेळी पुरा. कुणी हसलं नाही. एक रिक्षावाला "होतं असं" म्हणाला आणि उठून गेला. टेलरबाईंचं मशीन बसवलं त्या आठवड्यातल्या बाकीच्या मशीनच्या घरी जाऊन त्यांनी मागे वाकून पाहिलं. सगळीकडे बोल्ट काढलेले होते. त्याने त्यांना काही बरं वाटलं नाही.

बायको दुसऱ्याच दिवशी एकटी टेलरबाईंकडे जाऊन आली. मिस्त्रींनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"दार उघडलं. फोनवर बोलणारी मीच, असं सांगितलं मी. मग बसा म्हणाल्या."

त्यानंतर ती दर बुधवारी जायला लागली. बाई खडूने खुणा करायच्या आणि ही कात्री चालवायची. पहिले दोन स्कर्ट तिने असे कापले की बाईंना हसू आवरेना, असं ती सांगत होती. शाळेचं निम्मं काम तरी त्यामुळे परत आलं. अंगठा सुधारला, पण पुरा नाही. थंडीत अजूनही आखडतो. मिस्त्री हे सगळं बायकोच्या तोंडून ऐकायचे. स्वतः जायचं नाव काढत नव्हते आणि कुणी त्यांना बोलावलंही नव्हतं.

सातआठ महिन्यांनी बायको म्हणाली, "त्यांच्या मशीनचा आवाज यायला लागलाय. कुंई कुंई असा."

"मी येऊ का, विचारलंस?"

"नाही. ते मी नाही विचारणार."

आठवड्याने मुलाचा फोन आला. आवाज कोरडा होता. "आई म्हणते, तुम्हीच या. पण मी घरी असताना या."

मिस्त्री रविवारी गेले. काचेची नळी खिशातच ठेवली. मशीनपाशी बसण्याआधी दारात उभ्या असलेल्या बाईंना त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पट्टा सैल झालाय. सुरू होताना कण्हतं, मग गप्प होतं. माझ्या शिवणयंत्राचंही असंच होतं."

मिस्त्रींनी मागचं पत्र्याचं झाकण काढलं आणि बोटाने पट्टा दाबून पाहिला. बोट सहज आत गेलं. "पट्टाच आहे," ते मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

मुलगा त्यांच्या पाठीशीच उभा होता. प्रत्येक स्क्रू कुठे निघतो, कुठे ठेवला जातो, हे तो डोळ्यात तेल घालून बघत होता. पूर्वी असं कुणी उभं राहिलं की मिस्त्री म्हणायचे, "बाजूला व्हा, उजेड अडतो." आज उजेड अडत असतानाही ते तसेच काम करत राहिले. मुलाचं असं उभं राहणं त्यांना पटतच होतं. नवा पट्टा चढवला, झाकण लावलं, स्क्रू आवळले. मुलगा ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होता.

मग मशीनमध्ये घरचेच कपडे टाकून ते सुरू केलं आणि मिस्त्री न्हाणीघराच्या दाराशी स्टुलावर बसून राहिले. पिळून मशीन थांबायला सव्वा तास लागला. तोपर्यंत ते उठले नाहीत. त्यांना कुणी चहा विचारला नाही. बाई आत शिवत होत्या, त्यांचं यंत्र थांबत थांबत चालत होतं.

"झालं?" बाईंनी आतूनच विचारलं.

"झालं," मिस्त्री म्हणाले आणि पिशवी उचलून जिना उतरले.